तासाची बस

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "इतकी वर्षं बसने फिरलास, मग आताच गाडी कशाला?" तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय.

मध्यवस्तीत होतो तेव्हा वेळापत्रक कधी बघितलंच नाही. एक बस चुकली की मागून येणारीचे दिवे दिसायचे. इथे उपनगरात तासाला एक. मिनिटभर उशीर झाला की तास गेला. थांबा म्हणजे गवतात रोवलेला खांब. ना फूटपाथ, ना बाकडं. गंमत म्हणजे तो खांब आमच्या स्वयंपाकघरातून दिसतो! पण मध्ये कुंपण, आणि आमची गल्ली पुढे बंद, शेजारचीही बंद. वळसा घालून चौदा मिनिटं लागतात. माणूस साधारण ४०० मीटर चालून बसला येतो, असा बसवाल्यांचा ठोकताळा. तेवढ्या टापूत मध्यवस्तीत अख्ख्या इमारती मावतात. इथे बैठी घरं आणि दारात दोन-दोन गाड्या.

म्हणून उपनगरातल्यांना बस नकोच असते, हे मला पटत नाही. हिशोब बघा. जायला-यायला मिळून तास लागणाऱ्या मार्गावर चार बस सोडल्या तर दर १५ मिनिटांनी एक मिळते. त्याच चार बस चार मार्गांना वाटल्या तर प्रत्येकाच्या वाट्याला तासाला एक. पहिल्या मार्गावर लोक विसंबून राहतात. बाकीच्यांना 'आपल्याकडेही बस येते' एवढंच समाधान. अमेरिकेत ह्यूस्टनने ऑगस्ट २०१५ मध्ये बसचं सगळं जाळं एका रात्रीत बदललं. प्रवासी भरपूर मिळतील तिथे सुमारे ८० टक्के बळ लावायचं, उरलेलं विरळ वस्त्यांना, असं त्यांनी ठरवलं होतं. मला ते चोख वाटायचं. कागदावर अजूनही वाटतं.

पण सकाळी पहिल्या बसमधून एक बाई उतरतात, वृद्धाश्रमात साफसफाई करतात. त्या उतरतात, मी चढतो, रोज एवढीच भेट. त्या उरलेल्या २० टक्क्यांतल्या. मंगळवारी मी नव्हतो, तर बुधवारी विचारलं, "काल बरं नव्हतं का?" गाडी घेतोय हे सांगायला तोंड उघडेना.

गाडी पुढच्या आठवड्यात येईल. मग त्या थांब्यावर चढणारं कोणीच उरणार नाही. आईला हे सांगू नका, ती बुकिंग रद्द करायला लावेल.

तुमचा,
बाळू