एका दत्तक लेकीचं सरांना पत्र

आदरणीय सर,

प्रभूच्या नावाने सलाम. तुमच्यासमोर आभार मानायला उभी राहिले असते तर रडूच आलं असतं, म्हणून लिहितेय. आणि मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय.

मी दत्तक मुलगी आहे, हे आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सर्वांना ठाऊक आहे. तरीही बायबल अभ्यासात थिओडोटसचं पाखंड, म्हणजे माणूस असलेल्या येशूला देवाने पुत्र म्हणून दत्तक घेतलं हे मत, शिकवताना बोलणारे हसत म्हणाले, "येशू काय कुठून आणलेला दत्तक पोरगा होता? तो खरा पुत्र!" लोकही हसले. नंतर मी विचारायला गेले, तर 'प्रार्थना वाढव' एवढंच ऐकायला मिळालं. दुसऱ्या एकांनी सरळ विषय बदलला. वचनं तोंडपाठ असलेल्या माणसांना समोर बसलेल्या मुलीचा चेहरा दिसू नये? त्याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही उत्तर द्यायची घाई केली नाहीत. खुर्ची माझ्या शेजारी ओढलीत, कडा झिजलेलं तुमचं बायबल माझ्यापुढे ठेवलंत आणि पौलाने लिहिलेल्या रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय काढलात. "पंधरावं वचन तू वाच. मोठ्याने." ज्याच्यामुळे आपण 'अब्बा, बापा' अशी हाक मारतो, तो दत्तकपणाचा आत्मा. मला मधेच आवाज फुटेना. तुम्ही ते वचन माझ्याऐवजी पुरं केलं नाहीत. माझं वाचून होईपर्यंत त्या ओळीखाली बोट धरून गप्प बसून राहिलात. सर, त्या दिवशी तुम्ही पुढे काहीच शिकवलं नसतंत तरी मला पुरलं असतं.

पण तुम्ही शिकवलंत, आणि सुरुवात थिओडोटसच्या बाजूने केलीत. बायझँटियमहून रोमला आलेला, चामड्याचं काम करणारा माणूस. येशू कुमारीपोटी जन्मला पण माणूसच, बाप्तिस्म्याच्या वेळी आत्मा त्याच्यावर उतरला, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस रोमचा बिशप व्हिक्टर याने त्याला बहिष्कृत केलं. त्याच्याविषयी आपल्याला कळतं ते त्याच्या विरोधकांच्या लिखाणातून, हे तुम्ही पुन्हा पुन्हा बजावलंत. मार्काच्या शुभवर्तमानात जन्मकथा नाही, यार्देन नदीत बाप्तिस्मा होतानाच 'तू माझा पुत्र' अशी आकाशातून वाणी होते, तेव्हा असा विचार कुणाच्या मनात येणं हा काही खोडसाळपणा नव्हे, हेही सांगितलंत.

आणि ते रोम! ट्राजन, अँटोनायनस पायस, मार्कस ऑरेलियस, सगळे दत्तक पुत्र म्हणून गादीवर आलेले. दत्तक मुलाला बापाचं नाव आणि वारसा पुरा मिळे. तिथे कुणी दत्तक म्हणून नाक मुरडत नव्हतं. मग मंडळीने थिओडोटसचं म्हणणं का नाकारलं? कारण पुत्र सर्व काळाच्या आधीपासून पित्याचाच आहे. तो पुत्र नव्हता असा क्षणच नाही, तर दत्तक घेणार कधी? ३२५ मध्ये नायसियाच्या परिषदेत, पुत्राला देवाने निर्माण केलं असं म्हणणाऱ्या एरियसशी भांडण वेगळं होतं, तरी पुत्र अनादी आहे हाच धागा तिथेही होता. नाकारलं गेलं ते एवढंच. दत्तक लेकरू कमी असतं, असं त्यात कुठेच नाही. कमी असतं तर पौलाने विश्वास ठेवणाऱ्यांसाठी तेच नातं निवडलं असतं का?

ज्याचं म्हणणं आपल्याला मान्य नाही, त्याचं म्हणणं त्यालाही पटेल अशा शब्दांत आधी मांडायचं, ही सभ्यता मी फार थोड्या माणसांत पाहिली. प्रार्थनामंदिरात नाही, घरच्या वादात नाही, टीव्हीवर तर नाहीच. तुम्ही अठराशे वर्षांपूर्वीच्या एका चर्मकाराला ती दाखवलीत, आणि मलाही.

टोलेडोचा एलिपँडस आणि उर्गेलचा फेलिक्स हे स्पेनमधले दोन बिशप, आणि त्यांचं मत नाकारणारी ७९४ ची फ्रँकफर्टची परिषद, हे सगळं तुम्ही पुढच्या खेपेला ठेवलं आहे. ख्रिस्त मनुष्य म्हणून दत्तक पुत्र, हे त्या दोघांचं म्हणणं थिओडोटसपेक्षा किती वेगळं, ते मला नीट समजून घ्यायचंय. सुट्टी लागली की येते. आईही यायचं म्हणतेय, तिला पौलाबद्दल विचारायचंय.

आपली कृतज्ञ,
एक विद्यार्थिनी