आई, अंडी उकडू नकोस

तीर्थरूप आई आणि बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर आईचा आवाज कापरा होतो, बाबा "बरं, ठेव आता" म्हणतात आणि सांगायचं ते अर्धंच राहतं. म्हणून माझ्या पोटाच्या नव्या आजाराबद्दल हे पत्र. बाबांनी मोठ्याने वाचावं, आणि आईने मधेच उठून गॅसकडे जाऊ नये.

आई, आधी तुझं. आपल्या स्वयंपाकघरात कधी अंड्याचं टरफलसुद्धा आलं नाही आणि तू परवा म्हणालीस, "वेगळं पातेलं ठेवीन, पण तुला रोज अंडं उकडून देईन." फोन ठेवल्यावर मला बराच वेळ काही सुचेना. पण नको उकडूस, कारण माझ्या खाण्यात बी-१२ जीवनसत्त्व कमी आहे म्हणून ते माझ्या रक्तात उतरलेलं नाही. दूध, दही, पनीर भरपूर खाते मी. जठराच्या अस्तरातल्या ज्या पेशी आम्ल तयार करतात त्याच एक प्रथिनही सोडतात. बी-१२ त्या प्रथिनाला चिकटून लहान आतड्याच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत जातं आणि तिथे रक्तात शोषलं जातं. माझ्या शरीराची प्रतिकारशक्ती या पेशींनाच शत्रू समजून मारते आहे. प्रथिनच नाही, तर अंडं खाल्लं काय आणि खरवस खाल्ला काय, सारखंच. इंजेक्शनने मात्र बी-१२ पोटाला वळसा घालून थेट पोचतं. सुरुवातीला एक दिवसाआड होती, आता महिन्याला एक. ज्या मुलीला तू चौथीपासून इन्सुलिन टोचत आलीस, तिला आणखी एका सुईचं काय?

"आमचं काय चुकलं?" हा तुझा प्रश्न मी तेव्हाही ऐकला होता, आताही ऐकते आहे. काही नाही चुकलं. तुझा मसाला नाही, माझं बाहेरचं खाणं नाही, कुणाची दृष्टही नाही. याला ऑटोइम्यून गॅस्ट्रायटिस म्हणतात. लहानपणी स्वादुपिंडातल्या इन्सुलिनच्या पेशी ज्या प्रकारे गेल्या, मग थायरॉइड गेलं, त्याच जातीचा हा तिसरा भाऊ. सर्वसाधारण लोकांत शंभरात दोनेक जणांना हे असतं; माझ्यासारखा टाइप १ मधुमेह असलेल्यांत शंभरातल्या पाच ते दहा जणांना. म्हणजे मी काही जगावेगळी नाही. उलट टाइप १ वाल्यांचं हे लवकर का तपासत नाहीत, याचाच मला राग येतो.

दोन घासांत पोट गच्च होतं म्हणून तू अ‍ॅसिडिटीची गोळी घ्यायला सांगतेस. ती मला नकोच. माझ्या पोटात आम्ल जास्त नाही, जवळजवळ संपलंय. शिवाय अन्न जठरातून हळू पुढे सरकतं. दिवाळीत पोटभर जेवून उठल्यावर मला घाम फुटला, शुगर खाली आली आणि "जेवली तरी कशी उतरली?" म्हणून तुम्ही दोघं चक्रावलात ना, त्याचं हे एक कारण असू शकतं. इन्सुलिन कामाला लागलं, जेवण मात्र अजून जठरातच. आता डॉक्टरांनी इन्सुलिनची वेळ बदलून दिली आहे.

बाबा, तुमचं बीट, खजूर आणि लोखंडी कढई हा सगळा कारभार प्रेमाचा, पण आम्लाशिवाय त्यातलं लोह अंगी लागणं अवघड. म्हणूनच इतकी वर्षं गोळ्या घेऊनही माझं हिमोग्लोबिन जागचं हललं नाही. प्रत्येक वेळी 'पाळीमुळे असेल' म्हणून बोळवण झाली. आता लोह शिरेतून दिलं आहे. आणि ज्या एचबीएवनसीवरून, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरवरून, तुम्ही मला बोललात, तो आकडा लोह किंवा बी-१२ कमी असलं की खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. थोडी सूट द्या.

तुमच्यातल्या निवृत्त सायन्स मास्तरांसाठी एक गोष्ट. बोस्टनचे डॉक्टर जॉर्ज मायनट यांना १९२१ मध्ये मधुमेह झाला. तेव्हा त्यावर उपाय म्हणजे जवळजवळ उपासमार. १९२३ मध्ये त्यांना इन्सुलिन मिळालं आणि ते वाचले. पुढे १९२६ मध्ये त्यांनी आणि विल्यम मर्फी यांनी दाखवून दिलं, की भरपूर यकृत खाऊ घातलं तर पर्निशियस अ‍ॅनिमियाचे रोगी जगतात. तोवर हा रक्तक्षय जीवघेणाच होता, आणि माझ्या दुखण्याचं पुढचं टोक तेच. १९३४ चं नोबेल मिळालं त्यांना. यकृतातली ती वस्तू बी-१२ होती हे कळायला १९४८ उजाडलं. इन्सुलिनने वाचलेल्या माणसाने माझ्या दुसऱ्या सुईची वाट शोधली, हे मला फार आवडलं.

दादाने रिपोर्टमधला 'अ‍ॅट्रॉफिक' (म्हणजे झिजलेलं अस्तर) शब्द गूगल करून तुम्हाला कॅन्सरचं सांगितलं, हे मला कळलंय. लपवत नाही. या आजारात जठरात छोट्या गाठी होण्याचा आणि कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा वाढतो. म्हणूनच दुर्बीण टाकून जठराचे तुकडे तपासले. त्यात तसलं काही नाही. साधारण तीन वर्षांनी पुन्हा पाहायचं. दादाला म्हणावं, तोवर गूगलला विश्रांती दे.

आता खरं काम, आणि ते बाबांचं आहे. तुमच्या तळपायांच्या मुंग्या 'शुगरच्या' असं आपण सगळे धरून चाललोय. तुमचा मधुमेह टाइप २, माझ्यापेक्षा वेगळा. पण बरीच वर्षं मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेतली की बी-१२ उतरू शकतं, त्यात आपण शाकाहारी आणि तुमची रोज सकाळची आम्ल कमी करणारी पँटोप्राझोल. बी-१२ कमी झालं तरी अशाच मुंग्या येतात, आणि फार उशीर केला तर नसा पूर्ण भरून येत नाहीत. या आठवड्यात रक्त देऊन या. त्याआधी मेडिकलवाल्याने दिलेल्या 'ताकदीच्या' गोळ्या सुरू करू नका, नाहीतर रिपोर्ट उगाच चांगला येईल. नुसतं फॉलिक अ‍ॅसिडही नको. त्याने रक्त सुधारलेलं दिसतं, नसांचं नुकसान चालूच राहतं. मेटफॉर्मिन मात्र आपल्या मनाने बंद करायचं नाही.

रिपोर्टचा फोटो पाठवाल तेव्हा कृपा करून आकड्यावर अंगठा नको.

तुमची,
माई