‘मानधना’ची लबाडी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत स्वयंसेवी संस्थांना लोकसंपर्क वाढवण्याचे धडे दिले आहेत. रील्स करा, ड्रोनने चित्रण करा, कार्यकर्त्यांसाठी महिन्यातून एकदा योग शिबिर घ्या. छान. गावात दार वाजवणाऱ्या कार्यकर्त्या ताईच्या हातात दरमहा किती पडतात, तेवढे मात्र लेखक महाशयांनी विचारलेले दिसत नाही.

समजा, 14,000 रुपये ठरले. नेमणूकपत्रात ‘वेतन’ नसते, ‘मानधन’ असते. हा शब्द लिहिला की पीएफ नाही, भरपगारी रजा नाही. उलट ताई ‘सल्लागार’ ठरते म्हणून 10 टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला कर. हातात 12,600. एवढ्या उत्पन्नावर कर लागत नाही, पण कापलेले 1,400 परत मिळवायला विवरणपत्र भरावे लागते, हे तिला कोणी सांगत नाही. सकाळी आठला हजेरीचा फोटो पाठवणारी आणि रजेसाठी परवानगी मागणारी ही कसली सल्लागार?

गाडी तिचीच. खेड्यातल्या रस्त्यावर दुचाकी लिटरला 45 किलोमीटर देते. पेट्रोल 104 रुपये धरले तर किलोमीटरला 2 रुपये 30 पैसे नुसत्या इंधनाचे. संस्था देते 3. महिन्याला 1,200 किलोमीटर फिरली तर उरतात जेमतेम 840, आणि त्यात टायर, ऑइल, चेन, विमा. तेही बिल दोन महिन्यांनी निघते. मग लांबच्या वाड्या सुटतात, नोंदवहीत मात्र भेटी झालेल्या दिसतात. आठेक महिन्यांत ताई काम सोडते. कोणते घर कधी उघडे असते, कोणत्या सासूसमोर काय बोलायचे नाही, हे कळायला नवीला तीन-चार महिने लागतात. जुनी-नवीने निदान 15 दिवस जोडीने गृहभेटी कराव्यात. पण जुनीचे शेवटचे मानधन अडकवलेले असते. ती कशाला येईल?

सभांचेही तेच. सकाळी अकराला ठेवतात, कारण पाहुण्यांची गाडी तेव्हा पोहोचते. कापूस वेचणीच्या दिवसांत अकराला गावात सापडतात म्हातारी माणसे आणि कुत्री. सभा रात्री आठला हवी, आठवडे बाजाराचा दिवस टाळून, आदल्या संध्याकाळी दवंडी देऊन. मग ताईच्या मुक्कामाची सोय आणि दुसऱ्या दिवशी उशिरा कामावर यायची मुभाही हवी. जामखेडला आरोळे या डॉक्टर दाम्पत्याने 1970 मध्ये काम सुरू केले आणि पुढे गावातल्याच बायकांना आरोग्य कार्यकर्त्या केले. त्या दर आठवड्याला जामखेडला येऊन शिकायच्या, अडचणी मांडायच्या. ड्रोन नव्हता.

‘देणगीदार पगाराला पैसे देत नाहीत’ हे उत्तर ठरलेलेच. परदेशी निधीतल्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा 2020 मध्ये 50 वरून 20 टक्क्यांवर आणली, हे खरे. पण शाळेतल्या शिक्षकाचा किंवा दवाखान्यातल्या डॉक्टरचा पगार, उद्दिष्टासाठी थेट होणारा खर्च, हे नियमानुसार त्यात धरायचे नसते. हिशेबनीस सरसकट सगळे ‘प्रशासन’ खात्यात टाकतो आणि मग हात वर करतो. सीएसआरची, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर करायच्या खर्चातली, 5 टक्क्यांची मर्यादा तर कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभारावर आहे. कंपन्या तीच काठी संस्थांच्या पाठीत घालतात आणि विश्वस्त मुकाट सोसतात.

आणखी एक. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी 10 किंवा अधिक कर्मचारी असले की अंतर्गत समिती हवीच. 2013 चा कायदा मानधनावरच्याच काय, विनामोबदला काम करणाऱ्या स्वयंसेवकांनाही लागू आहे. कामानिमित्त भेट दिलेले ठिकाण आणि संस्थेची गाडी हीसुद्धा कामाची जागाच. तरी समितीची नावे लावलेली असतात जिल्ह्याच्या कार्यालयात, साहेबांच्या केबिनबाहेर. ती नावे आणि फोन नंबर ताईच्या ओळखपत्रामागे छापायला किती खर्च येतो?

जाता जाता आपल्याविषयीही. त्याच अंकात, छोट्या जाहिरातींच्या पानावर ‘सामाजिक जाणीव असलेले उमेदवार हवेत, स्वतःची दुचाकी आवश्यक, मानधन योग्यतेनुसार’ अशा तीन जाहिराती आहेत. एकीतही आकडा नाही. पुढच्या वेळी शब्दांचे पैसे घेताना तेवढा आकडा मागून घ्यावा, ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक, नाशिक