तुंबलेले पाणी आणि अपघात विभागातली गर्दी

पावसाळी आजारांसाठी पालिका रुग्णालयांत जादा खाटा ठेवल्याची बातमी वाचली. निर्णय चांगलाच आहे, पण खाटांबरोबर माणसेही वेळेवर हवीत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस पडला, त्यामागोमाग मुंबईत लेप्टोची (दूषित पाण्यातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाची) साथ आली. या आजाराची लक्षणे दिसायला साधारण ५ ते १४ दिवस लागतात. म्हणजे पाणी तुंबले त्याच दिवशी पुढच्या गर्दीचा अंदाज बांधता येतो. गेल्या पावसाळ्यात वडिलांना तापाने फणफणलेले घेऊन गेलो, तर स्ट्रेचर व्हरांड्यात आणि सलाइनची बाटली दोन तास माझ्या हातात. रात्रपाळीला डॉक्टर एकच, तोही बिचारा धावून थकलेला. पावसाची नोंद आणि रोजच्या केसपेपरचा आकडा पाहून रात्रपाळीचे डॉक्टर व परिचारिका आठवडाभर आधीच वाढवाव्यात.

– एक वाचक, कुर्ला