मनगटावरच्या घड्याळाला बीपी कळत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सणासुदीचे दिवस आले की आपल्या बेळगावात खडेबाजार, गणपत गल्ली, मारुती गल्लीतल्या मोबाईल दुकानांबाहेर स्मार्टवॉचचे फलक लागतात. बीपी, शुगर, ऑक्सिजन, हार्ट रेट सगळं एकात, आणि किंमत दीड-दोन हजार. पुण्याला, बंगळूरला नोकरीला असलेली मुलं गावी येताना आई-वडिलांसाठी हेच घेऊन येतात. त्यामागचं प्रेम मला कळतं, आणि म्हणूनच हे पत्र लिहिते आहे. कोणतं घड्याळ काय खरं सांगतं आणि काय सांगूच शकत नाही, हे घेण्याआधी माहीत असायला हवं. चुकीच्या आकड्यावर विसंबून माणसं गोळ्या बंद करतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मी वडगावची. हायस्कूलमध्ये शारीरिक शिक्षण शिकवून निवृत्त झाले. सारी नोकरी शिट्टी, स्टॉपवॉच आणि मोजपट्टी यांच्यात गेली, त्यामुळे मोजमापातली हयगय मला सहन होत नाही. आम्हा बायकांचा एक गट सकाळी वॅक्सिन डेपोच्या झाडीत चालायला जातो. त्यात यंत्रमागावर आयुष्य काढलेल्या आहेत, बँकेतून निवृत्त झालेल्या आहेत, येळ्ळूरच्या शेतकरी घरातल्या आहेत. ज्याच्या मुलानं जे आणलं ते हातात, त्यामुळे आमच्यात तऱ्हेतऱ्हेची घड्याळं आणि पट्टे आहेत.

आमच्यातल्या एका काकूंचं घड्याळ रोज बीपी अगदी नॉर्मल दाखवायचं. बघून त्या खूश व्हायच्या. हळूहळू गोळी एक दिवसाआड घेऊ लागल्या, मग घेईनाशाच झाल्या, आणि घरात कुणाला बोलल्या नाहीत. डोकं जड होतंय, चक्कर येतेय म्हणून दवाखान्यात नेलं, तिथं दंडाला पट्टा बांधून मोजलं तर वरचा आकडा १८०च्या पुढे. वेळेत नेलं म्हणून निभावलं. घरी आल्यावर मी तेच घड्याळ गुंडाळलेल्या टॉवेलवर घट्ट बांधलं. हिरवा दिवा थोडा वेळ लुकलुकला आणि पडद्यावर बीपी आलं. टॉवेलचं बीपी, तेही नॉर्मल. कोणत्या कंपनीचं ते लिहीत नाही, कारण असली घड्याळं एकाच कंपनीची नाहीत.

असं का होतं ते समजून घ्यायला हवं. या घड्याळांत मुख्यतः दोन गोष्टी असतात. एक, हाताची हालचाल ओळखणारा सेन्सर, ज्यावरून पावलं मोजली जातात. दुसरी, मागच्या बाजूचा हिरवा दिवा. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला त्वचेखालचं रक्त कमी-जास्त होतं, त्याप्रमाणे परत येणारा प्रकाशही कमी-जास्त होतो, आणि त्यावरून ठोके मोजले जातात. एवढंच खरं मोजमाप. बाकी जे काही पडद्यावर येतं, कॅलरी, ताण, झोपेचे टप्पे, ते या दोन गोष्टींवरून बांधलेले अंदाज. स्वस्त घड्याळातल्या बीपीला तर धड अंदाजही म्हणवत नाही.

सॅमसंगच्या ज्या घड्याळांत बीपीची सोय आहे, तिथे कंपनी स्वतःच सांगते की दर २८ दिवसांनी ते दंडाला बांधायच्या यंत्राशी जुळवून घ्या. म्हणजे महागड्या घड्याळालाही त्या यंत्राचाच आधार लागतो. मग दीड हजाराच्या घड्याळाला तो का लागत नाही, हे दुकानात विचारून बघा. साखरेचं तर त्याहून गंभीर आहे. सुई न टोचता साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आम्ही मान्यता दिलेली नाही, असा जाहीर इशारा अमेरिकेच्या एफडीएनं (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेनं) फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. आपल्या देशात आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. इन्सुलिन घेणाऱ्या माणसानं मनगटावरचा आकडा बघून डोस ठरवला तर जिवावर बेतेल. अशा घड्याळांच्या डबीतल्या कागदावर बारीक अक्षरांत 'हे वैद्यकीय उपकरण नाही' असं बहुधा छापलेलं असतं. ते वाक्य बाहेरच्या फलकावर कधी दिसत नाही.

हे वाचून कुणी म्हणेल, मग ही घड्याळं घ्यायचीच नाहीत का? तसं अजिबात नाही. मी स्वतः मनगटावर फिटनेसचा पट्टा वापरते आणि गटातल्या बायकांना वापरायला सांगते. मैदानावर चुन्याची रेघ आखून, पावलं तोंडानं मोजत आम्ही चाललो आणि मग सगळ्यांचे आकडे ताडून पाहिले. हात मोकळे हलवत चाललं की स्वस्त काय, महाग काय, बहुतेक सगळी घड्याळं खऱ्या आकड्याच्या जवळ येतात. पण हात स्थिर राहिला की गणित फसतं. डोक्यावर भारा घेऊन एक हात वर धरून चालणारी बाई, दोन्ही हातांनी भाजीची गाडी ढकलणारा माणूस, यांची कितीतरी पावलं घड्याळाच्या हिशेबात येतच नाहीत. उलट, भाकरी थापताना बसल्या जागी पावलं वाढतात. खानापूरच्या रस्त्यावर स्कूटरवरून जाऊन आल्यावरही काही घड्याळांत पावलं चढलेली आम्हाला दिसली.

आणि ज्या कामात सगळं अंग मोडून निघतं, त्याची तर नोंदच नाही. येळ्ळूरला भाताची लावण करणारी बाई दिवसभर चिखलात वाकून असते. तिच्या घड्याळात संध्याकाळी पावलं फारच थोडी दिसतील आणि 'आज तुम्ही कमी हालचाल केली' असा संदेशही येईल. तिला त्या संदेशाची लाज वाटायला नको. ते यंत्र तिच्यासाठी बनवलेलंच नाही.

आता कोणाला काय उपयोगी पडतं, ते माझ्या अनुभवावरून सांगते.

पँट-शर्ट घालणाऱ्या माणसाला नुसती पावलंच मोजायची असतील तर खिशातला फोन पुरतो, वेगळं काही घ्यायची गरज नाही. पण साडी नेसणाऱ्या बाईला खिसा नसतो. तिचा फोन ओट्यावर किंवा पिशवीत असतो. तिच्यासाठी साधा फिटनेस बँड खरोखर उपयोगाचा आहे. असे बँड हलके असतात आणि एकदा चार्ज केले की आठवडाभर सहज चालतात. ज्या वस्तूला रोज रात्री चार्जिंगला लावावं लागतं, ती आमच्या वयाच्या बायका महिन्याभरात कपाटात ठेवतात, हे मी पुन्हा पुन्हा बघते. बँड घालताना एक पथ्य पाळावं. बांगड्यांच्या खाली अडकवू नये. मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, घसरणार नाही इतपत घट्ट बांधावा. बांगड्यांचा धक्का लागून तो सरकला की आत उजेड शिरतो आणि ठोक्यांचा आकडा वेडावाकडा येतो.

फिटबिटच्या पट्ट्यांत मला एक गोष्ट फार आवडते. त्यात पावलांबरोबर आठवड्याची 'झोन मिनिटं', म्हणजे हृदयाचे ठोके ठरावीक पातळीच्या वर असतानाची मिनिटं, मोजली जातात, आणि जोरात चालल्यावर ती दुप्पट धरली जातात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला आहे, त्याच्याशी हा हिशेब जुळतो. ॲपलचं घड्याळ उत्तम, पण त्याला आयफोनच लागतो आणि रोज चार्ज करावं लागतं. एकटं राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला मात्र त्यातली पडल्यावर आपोआप मदत बोलावणारी सोय मोलाची आहे. त्यातला ईसीजी हृदयाची अनियमित लय ओळखायला मदत करतो. हार्ट अटॅक ओळखत नाही, हे कंपनीच सांगते. छातीत दुखत असताना घड्याळ बघत बसू नये, गाडी काढावी.

जांबोटी, चोर्ल्याकडे सायकली घेऊन जाणाऱ्या किंवा मॅरेथॉनची तयारी करणाऱ्या मुलामुलींनी गार्मिनसारखं जीपीएसवालं घड्याळ घ्यावं, त्यांचा पैसा वसूल होतो. सकाळी अर्धा तास चालणाऱ्याला त्याची गरज नाही. अशी मोजमापं करणाऱ्या अंगठ्याही आल्या आहेत, आपल्या बंगळूरची अल्ट्राह्यूमन कंपनी बनवते. झोपताना त्या त्रास देत नाहीत, पण खुरपं, कोयता किंवा भांडी घासणारा हात असेल तर त्या घेऊ नयेत असं माझं मत आहे.

आता दहा हजार पावलांविषयी. आमच्या गटातल्या कितीतरी जणी 'माझी दहा हजार होत नाहीत' म्हणून हिरमुसतात, काही तर येणंच सोडतात. हा आकडा डॉक्टरांच्या संशोधनातून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये, एका जपानी कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं आणि त्याला 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं यंत्र, असं नाव दिलं. तिथून तो आकडा जगभर पसरला. अमेरिकेत सोळा हजारांहून जास्त वयस्क स्त्रियांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचं सरासरी वय ७२ होतं. रोज २७०० च्या आसपास पावलं चालणाऱ्यांच्या तुलनेत ४४०० चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी दिसलं, आणि साडेसात हजारांनंतर फायदा आणखी वाढताना दिसला नाही. सत्तरीतल्या मावशींना हे सांगितल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं मी पाहिलं. आपला कालचा आकडा बघावा, त्यात हजार-पाचशे घालावेत. शेजारणीचा आकडा बघू नये.

वजन कमी करायला बँड घेणाऱ्यांनी आणखी एक अभ्यास लक्षात ठेवावा. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठात तरुण मुलामुलींचे दोन गट दोन वर्षं तपासले, निकाल २०१६ मध्ये आला. दोन्ही गटांना आहाराचं आणि व्यायामाचं मार्गदर्शन होतं, एकाला शिवाय दंडावर बांधायचं हालचाल मोजणारं यंत्र. बिनयंत्राच्या गटाचं वजन सरासरी ५.९ किलोनं उतरलं, यंत्रवाल्यांचं ३.५ किलोनं. आणि कॅलरीच्या आकड्यावर तर मुळीच जाऊ नये. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठानं २०१७ मध्ये सात घड्याळं तपासली. हृदयाचे ठोके त्यातल्या सहांनी बरेच बरोबर मोजले, पण जळलेल्या कॅलरीत सगळ्यांत चांगल्या घड्याळाचीही सरासरी २७ टक्के चूक निघाली. '४०० कॅलरी जळल्या' म्हणून कुंद्याचा आणखी एक तुकडा घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल अशा बीपीच्या गोळ्या हृदयाचे ठोके मुळातच कमी ठेवतात. त्या घेणाऱ्यांनी घड्याळातले 'झोन' गाठायला धापा टाकत पळू नये. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग बहुतेकांना पुरतो. आम्ही चालताना एकमेकींशी बोलतो, त्यावरूनच मी कुणाला हळू चाल म्हणायचं ते ठरवते.

आणि ताकदीच्या व्यायामाला या यंत्रांत फारशी किंमत नाही, याची मला खंत वाटते. जागतिक आरोग्य संघटना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते, आणि पासष्टीनंतर तीन दिवस तोल सांभाळण्याचाही. तालमीत जोर-बैठका मारणाऱ्यांच्या या गावात हे नव्यानं सांगावं लागू नये. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठून बसा, ओट्याला धरून एका पायावर उभ्या राहा. घड्याळ त्याची एकही पावती देणार नाही, तरी करा. घरात पडून खुबा मोडलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

मुलांना माझी विनंती एवढीच. आई-वडिलांना बीपी असेल तर आधी दंडाला बांधायचं यंत्र घ्या, ते साधारण या स्वस्त घड्याळाच्याच पैशात येतं. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या उंचीवर. मिनिटभराच्या अंतरानं दोनदा मोजा आणि वहीत लिहा, ती वही डॉक्टरांना दाखवा. यंत्र परवडत नसेल तर जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात किंवा कर्नाटक सरकारच्या नम्म क्लिनिक या दवाखान्यात बीपी आणि साखर फुकट तपासतात. पैसे उरले तर मग बँड घ्या, आणि आईच्या हातात बांधून एक दिवस तिच्याबरोबर चाला.

दुकानदार बंधूंनी फलकावरून 'बीपी' आणि 'शुगर' हे दोन शब्द काढावेत. निदान गिऱ्हाईकासमोर डबीतला तो कागद उघडून वाचून दाखवावा. आणि ज्यांना आपलं घड्याळ ताडून बघायचं आहे त्यांनी रविवारी सकाळी वॅक्सिन डेपोत यावं. दंडाचं यंत्र आणि चुन्याची रेघ, दोन्ही तयार असतील.

आपली,
एक निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षिका
वडगाव, बेळगाव