वर्गात वजनाचा आकडा मोठ्याने वाचू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत शाळकरी मुलांच्या लठ्ठपणावर नुकताच पानभर मजकूर आला. त्यातली काळजी खरी आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार, २०२२ मध्ये भारतातली ५ ते १९ वयाची सुमारे १ कोटी २५ लाख मुलं लठ्ठ होती. १९९० मध्ये हाच आकडा ४ लाखांच्या घरात होता. एका पिढीत एवढा फरक पडला, हे कुणीही नाकारू नये. पण मजकुराच्या शेवटी सल्ला होता, की शाळांनी दर महिन्याला मुलांची वजनं घ्यावीत आणि पालकांना कळवावीत. हे पत्र त्या सल्ल्यापुरतं आहे.

मी ३१ वर्षं प्राथमिक आणि माध्यमिक शाळेत शिकवलं. प्रगतिपुस्तकात उंची आणि वजनाचे रकाने असतात, ते भरण्याचं काम वर्गशिक्षिकेचं. दोन्ही सत्रांत शिपाईमामा ऑफिसातला काटा उचलून वर्गात आणायचे. मुलं हजेरीच्या क्रमाने रांगेत उभी राहायची, मी आकडा वाचायची आणि मॉनिटर वहीत लिहायचा. मागच्या बाकावरच्या मॉनिटरला ऐकू जावं म्हणून मोठ्याने वाचायची. त्यात काही गैर आहे असं मला कधी वाटलं नाही. वर्ग हसला की 'शांत बसा' म्हणायची आणि पुढचं नाव घ्यायची. एका मुलीच्या वेळी मी स्वतःही म्हणाले होते, 'अगं, जरा कमी खात जा.' प्रेमानेच म्हणाले होते.

ती मुलगी सातवीत होती. आता तिची स्वतःची मुलगी चौथीत आहे. दोन वर्षांपूर्वी एका लग्नात भेटली. पाया पडली, शेजारी बसली आणि हळूच म्हणाली, "बाई, छप्पन्न किलो. अजून आठवतं." मला काहीच आठवत नव्हतं.

त्या दिवसापासून तिने डबा खाणं बंद केलं होतं. पोळी-भाजी मैत्रिणीला द्यायची. संध्याकाळी घरी कुणी नसताना स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच चिवड्याचा डबा रिकामा करायची, तूप-साखर लावून गार पोळ्या खायची, पोट दुखेपर्यंत. मग न्हाणीघरात जाऊन उलटी काढायची. आईला वाटायचं, पोरीला पित्ताचा त्रास आहे. डॉक्टरांनीही पित्ताच्याच गोळ्या दिल्या. गुरुवार, चतुर्थी, एकादशी असे उपवास ती धरायला लागली तेव्हा आजीने तिचं कौतुकच केलं. बारावीत ती घेरी येऊन पडली. पुढे कॉलेजच्या वसतिगृहात समुपदेशक बाईंनी तिला विचारलं आणि पहिल्यांदा या सगळ्याला एक नाव मिळालं, 'बुलिमिया'. हे सगळं माझ्या एका वाक्याने झालं असं ती म्हणाली नाही, आणि असे आजार एकाच कारणाने होतही नाहीत. तिच्या घरातही तिला 'ढोली' म्हणायचे. पण आठवण निघाली तेव्हा ती माझ्या काट्यापासून निघाली.

घरी आले आणि वाचायला सुरुवात केली. माझा भाचा मानसशास्त्राचा अभ्यासक आहे, त्याने निबंध काढून दिले आणि शेजारी बसून समजावून सांगितले. त्यातला एक मी तीनदा वाचला. अमेरिकेत २,३७९ मुलींना वयाच्या दहाव्या वर्षापासून एकोणिसाव्या वर्षापर्यंत पाहिलं गेलं. 'तू फार जाड आहेस असं तुला कुणी म्हटलं आहे का?' हा प्रश्न त्यांना दहाव्या वर्षी विचारला होता. आई, वडील, भाऊ, बहीण, मैत्रिणी, शिक्षक, कुणीही. निम्म्याहून जास्त मुलींनी 'हो' म्हटलं. हंगर आणि तोमियामा या संशोधकांनी २०१४ मध्ये त्याचा निष्कर्ष मांडला. 'जाड' म्हणवून घेतलेल्या मुली एकोणिसाव्या वर्षी लठ्ठ असण्याची शक्यता बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त होती. कुणालाही वाटेल, त्या आधीपासूनच जाड असतील म्हणून. मलाही तेच वाटलं. पण दहाव्या वर्षीचं वजन, घरचं उत्पन्न, आईवडिलांचं शिक्षण, पाळी येण्याचं वय हे सगळं हिशेबात धरूनही फरक उरलाच. म्हणजे वजन तेवढंच असलेल्या दोन मुलींपैकी जिला 'जाडी' म्हटलं गेलं, तिचं पुढे जास्त बिघडलं. याच मुलींच्या माहितीवर याच दोघांनी २०१८ मध्ये दाखवलं, की असं ऐकलेल्या मुलींमध्ये खाण्याच्या विकृतीची लक्षणंही पुढे जास्त दिसली, आणि घरच्यांच्या तोंडून ऐकलेलं जास्त लागलं.

असं का होत असेल? आपल्याकडे म्हण आहेच, 'एकादशी अन् दुप्पट खाशी'. १९७५ मध्ये हर्मन आणि मॅक यांनी विद्यार्थिनींवर एक प्रयोग केला. काहींना आधी मिल्कशेक दिला, काहींना दिला नाही, मग सगळ्यांसमोर आइस्क्रीम ठेवलं आणि चव सांगा म्हटलं. एरवी मोकळेपणाने खाणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं, भूकच कमी होती. पण ज्या सतत खाण्यावर लगाम ठेवून होत्या, त्यांनी मिल्कशेक पोटात गेल्यावर उलट जास्त खाल्लं. आज पथ्य मोडलंच आहे, मग आता काय! माझ्या विद्यार्थिनीचा चिवड्याचा डबा मला त्या प्रयोगात दिसला. दिवसभर उपाशी राहिलेलं पोर संध्याकाळी डब्यावर तुटून पडतं, ते हावरट असतं म्हणून नव्हे.

म्हणूनच लठ्ठपणा एका टोकाला आणि उपासमार करून घेणं दुसऱ्या टोकाला, ही आपली समजूत चुकीची आहे. एकाच मुलीत दोन्ही असू शकतात. ठराविक काळाने ताबा सुटून भरमसाट खाणं आणि नंतर स्वतःची शिसारी येणं, पण उलटी वगैरे न काढणं, या प्रकाराला अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये स्वतंत्र आजार म्हणून मान्यता दिली. असे लोक पुष्कळदा अंगाने जाड असतात. त्यांना 'तोंड आवर' एवढंच सांगितलं जातं, आणि त्यांच्या आजाराला नेमका तोच सल्ला बाधतो.

आता शाळेतल्या वजनाबद्दल. कॅलिफोर्नियात ७९ शाळांतल्या २८ हजारांहून अधिक मुलांवर याचीच परीक्षा घेतली गेली. काही शाळांत मुलांचं वजन घेऊन पालकांना अहवाल पाठवले, काहींत वजन घेतलं पण कळवलं नाही, काहींत घेतलंच नाही. अहवाल गेल्याने मुलांची वजनं कमी झाली नाहीत. उलट जिथे वजन घेतलं जात होतं तिथे मुलं स्वतःच्या शरीरावर जास्त नाराज झाली आणि एकमेकांच्या वजनाबद्दल जास्त बोलायला लागली. आपल्या पुरवणीतला सल्ला हाच आहे, आणि तो करून पाहून झालेला आहे.

शिवाय आपल्या मुलांच्या बाबतीत काटा पुरतं खरं सांगतही नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साऊथॅम्प्टनच्या बाळांशी केली होती. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. पण आपल्या बारीक दिसणाऱ्या बाळांच्या अंगात स्नायू कमी आणि त्या मानाने चरबी टिकून होती. वर्गातल्या ज्या किडकिडीत मुलाला आम्ही 'काडीपैलवान' म्हणून सोडून द्यायचो, त्यालाही पुढे मधुमेहाचा धोका असतो. त्याच्या वेळी काट्यावर कुणी हसत नाही आणि त्याला कुणी काही सांगतही नाही.

मग काहीच बोलायचं नाही का, असं एका पालकांनी मला विचारलं. बोलायचं, पण ताटाबद्दल. अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये हाच फरक तपासला. ज्या घरांत आईवडील मुलांच्या वजनाबद्दल बोलत, तिथल्या मुलांमध्ये उपाशी राहणं, वजन उतरवायला अपायकारक उपाय करणं असले प्रकार जास्त आढळले. जिथे फक्त चांगल्या खाण्याबद्दल बोलणं होतं, तिथे ते कमी होते. वडिलांचं वजनावरचं बोलणंही मुलांना लागतं, हेही त्यात दिसलं. आपल्याकडे बाबा मंडळी चेष्टेत 'आमचा गणपती' म्हणतात, त्यांनी हे जरूर वाचावं. सीबीएसईने २०२५ मध्ये शाळांना शीतपेयांत आणि खाऊत किती साखर असते याचे फलक लावायला सांगितले, ते मला पटलं. त्या फलकावर बाटली असते, कुणाचं पोट नसतं.

उपचारांना माझा विरोध नाही. सिडनीतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले. जाणकारांच्या देखरेखीखाली मुलांचे लठ्ठपणावरचे उपचार झाले, तर खाण्याच्या विकृतीचा धोका वाढत नाही, बहुतेकांत तो कमीच होतो. म्हणजे डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि समुपदेशक मिळून बंद दाराआड जे करतात त्याने भलं होतं. घरची मंडळी, शेजारी आणि माझ्यासारख्या शिक्षिका चारचौघांत जे करतात त्याने होत नाही.

पालकांना एक सांगावंसं वाटतं. जेवण झाल्याझाल्या पोर रोज न्हाणीघरात जात असेल, पाण्याचा नळ सोडून ठेवत असेल, एकटंच जेवायला बघत असेल, उपवास अचानक वाढले असतील, दात झिजायला लागले असतील, तर पित्त म्हणून गप्प बसू नका. वारंवार उलट्यांनी शरीरातलं पोटॅशियम कमी होतं आणि त्याचा परिणाम हृदयावर होतो. मुलग्यांमध्येही हे असतं, तिथे ते व्यायामशाळेच्या आणि प्रोटीन पावडरच्या आड लपतं. कुठे जायचं कळत नसेल तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे. बोलताना सुरुवात मुलाच्या वजनापासून करू नका, 'तुला काय होतंय' असं विचारा.

आणि आपल्याला, संपादक महोदय, एक विनंती. त्या मजकुराशेजारी एका मुलाचं छायाचित्र होतं. ताणलेली बटणं, हातात बर्गर आणि गळ्याच्या वर काहीच नाही, चेहरा कापलेला. ओळख पटू नये म्हणून कापला असेल. पण ते पान ज्या घरात गेलं, तिथल्या जाड मुलाने त्या धडावर स्वतःचाच चेहरा पाहिला असणार. पुढच्या वेळी थाळी छापा, मैदान छापा, मुलं छापायचीच असतील तर चेहऱ्यासकट आणि खेळताना छापा.

माझी ती विद्यार्थिनी गेल्या महिन्यात घरी आली होती. तिच्या मुलीच्या शाळेत आता वजनं घेणार आहेत, तशी सूचना आली होती. तिने वर्गशिक्षिकेला द्यायला चिठ्ठी लिहून आणली होती. 'हिच्या वजनाची नोंद आमच्या डॉक्टरांकडे आहे. कृपया वर्गात घेऊ नये. घेणे आवश्यकच असेल तर एकटीला बोलवावे आणि आकडा वाचून दाखवू नये.' मला म्हणाली, "बाई, शुद्धलेखन तपासून द्या." एक वेलांटी चुकली होती, ती दुरुस्त केली. मग तिची परवानगी घेऊन खाली मीही सही केली.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा