सेवेचे दोन तास रजेच्या खात्यातून कापू नका : कामगार मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय कामगार मंत्री

विषय : नोकरदार व्यावसायिकांना समाजसेवेसाठी स्वतंत्र पगारी वेळ मिळण्याबाबत

महोदय,
सादर नमस्कार.

मी व्यवसायाने लेखापाल आहे आणि गेली वीस वर्षे इतरांचे हिशेब तपासण्याचे काम करते आहे. घरी शाळेत जाणारी दोन मुले आहेत आणि गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर आता कुठे आधाराशिवाय चालू लागलेल्या सासूबाई आहेत. याखेरीज सहा वर्षांपासून दर बुधवारी संध्याकाळी साडेपाच ते साडेसात मी एका घरी जाते. तेथे पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले एक गृहस्थ असतात आणि त्यांची देखभाल त्यांच्या पत्नी एकट्या करतात. मी काही परिचारिका नव्हे. त्यांना कुशीवर कसे वळवायचे, पाणी पाजताना मान किती पुढे घ्यायची आणि ठसका लागला तर काय करायचे, एवढे मी शिकून घेतले आहे. ते दोन तास मी त्यांच्यापाशी बसते आणि त्या वेळेत त्या बाई घराबाहेर पडतात. कधी बँकेत जातात, कधी स्वतःच्या औषधांसाठी जातात, तर कधी नुसत्याच चालून येतात. आठवडाभरात त्यांना मिळणारी मोकळी वेळ एवढीच.

मागच्या हिशेबी वर्षाच्या अखेरीस अशाच एका बुधवारी पावणेपाच वाजता मला निरोप आला की साडेपाचला बैठक आहे आणि ती टाळता येणार नाही. अर्धा दिवस रजा टाकावी म्हटले, तर रजा शिल्लकच नव्हती. काही दिवस धाकट्याच्या तापात गेले होते आणि उरलेले सासूबाईंच्या शस्त्रक्रियेत. मी फोन करून येऊ शकत नसल्याचे कळवले, तेव्हा त्या बाई एवढेच म्हणाल्या, “असू दे, पुढच्या बुधवारी या.” पुढच्या बुधवारी गेले तेव्हा दाराजवळच्या फळीवर त्यांची दवाखान्याची फाईल ठेवलेली दिसली. तिच्यात टाचलेल्या चिठ्ठीवर डोळे तपासण्याची तारीख आदल्या बुधवारची होती. फोनवर त्यांनी याबद्दल एक अक्षरही काढले नव्हते.

माझ्या कार्यालयाविषयी तक्रार करण्यासाठी हे मी लिहीत नाही. तेथील माझे वरिष्ठ समंजस आहेत आणि त्या दिवशीची बैठक खरोखरच गरजेची होती. माझे म्हणणे इतकेच आहे, की समंजस माणसालासुद्धा ज्या नियमावर बोट ठेवून “तू जा” असे सांगता येईल, असा नियमच अस्तित्वात नाही. मुलाचे आजारपण, आईवडिलांची शस्त्रक्रिया, स्वतःचे थकणे आणि दुसऱ्याच्या घरी दोन तास बसणे या सगळ्यांसाठी रजेचे खाते एकच आहे. ते संपत आले की सर्वात आधी कात्री लागते ती सेवेला, कारण तेथे न गेल्याबद्दल कोणी जाब विचारत नाही.

कामाच्या वेळेचा कायदा टप्प्याटप्प्याने माणसाच्या जगण्याकडे सरकत आला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रॉबर्ट ओवेन यांनी दिवसाचे तीन भाग मांडले : आठ तास काम, आठ तास करमणूक आणि आठ तास विश्रांती. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९१९ मध्ये केलेल्या पहिल्याच कराराने उद्योगांसाठी दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. परंतु त्या मांडणीत मुलाला भरवायला, म्हाताऱ्यांची उठबस करायला वेळ कोठून काढायचा याचे उत्तर नव्हते. ते काम कोणीतरी घरी बसून करतेच आहे, असे गृहीत धरले होते. कामगारांवर कौटुंबिक जबाबदाऱ्या असतात आणि त्यांमुळे नोकरीत त्यांच्यावर अन्याय होता कामा नये, हे त्याच संघटनेच्या करारात स्पष्टपणे यायला १९८१ साल उजाडले. त्याचा क्रमांक १५६. पुढे २०१३ मध्ये श्रम-सांख्यिकी तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने स्वयंसेवी काम हेदेखील ‘काम’ आहे आणि त्याची मोजणी झाली पाहिजे, असे ठरवले. म्हणजे सेवा मोजणीत आली. कामगाराच्या वेळापत्रकात मात्र तिला अजून जागा मिळालेली नाही.

काही देशांनी याची सुरुवात केली आहे आणि त्यांचे कायदे मी बारकाईने वाचले आहेत. इटलीत रक्तदात्याला रक्तदानाच्या दिवशी पगारी सुट्टी मिळते. ब्राझीलमध्ये त्यासाठी दर बारा महिन्यांत एक दिवस राखलेला आहे. ब्रिटनच्या १९९६ च्या रोजगार हक्क कायद्यानुसार मानद दंडाधिकारी किंवा स्थानिक लोकप्रतिनिधी म्हणून काम करणाऱ्या नोकरदाराला त्यासाठी रास्त वेळ द्यावा लागतो, पण त्या वेळेचा पगार देण्याचे बंधन मालकावर नाही. ऑस्ट्रेलियाच्या २००९ च्या कायद्यात वणवा किंवा पूर यांसारख्या आपत्तीत धावून जाणाऱ्या स्वयंसेवकांसाठी समाजसेवा रजा आहे, पण तीही बिनपगारी. जर्मनीत संघराज्याच्या आपत्ती निवारण संस्थेचे स्वयंसेवक कामावर असताना बोलावले गेले तर मालकाला त्यांना सोडावे लागते आणि त्यांचा पगार चालू राहतो. खासगी मालकाला तो खर्च सरकारकडून परत मिळतो.

या सगळ्या तरतुदी मोलाच्या आहेत, परंतु त्या एकत्र वाचल्यावर एक गोष्ट माझ्या लक्षात आली. कायद्याला पूर दिसतो, आग दिसते, रक्ताची पिशवी दिसते आणि पदही दिसते. दर आठवड्याला त्याच दारात जाऊन त्याच खुर्चीवर बसणारा माणूस त्याला दिसत नाही. अंथरुणावरच्या रुग्णाजवळ बसणे, दृष्टिहीन विद्यार्थ्याला पुस्तक वाचून दाखवणे, मोफत कायदेशीर सल्ला देणे, धर्मादाय संस्थेचा ताळेबंद तयार करून देणे ही कामे बातमीत येत नाहीत. त्यांचा सगळा कस नियमितपणात आहे. एकदा येऊन चार महिने न फिरकणाऱ्या माणसावर विसंबून कोणतीही बाई डॉक्टरची वेळ ठरवू शकत नाही.

ही सेवा सुट्टीच्या दिवशी करावी, असे मला अनेकांनी सुचवले आहे. सूचना सद्‌भावनेची आहे, पण गरज वार पाहून येत नाही. दान केलेल्या रक्तातल्या प्लेटलेट्स साधारण पाच ते सात दिवसच टिकतात, म्हणून दाता मंगळवारीही लागतो आणि शुक्रवारीही. न्यायालये, सरकारी कचेऱ्या आणि दवाखान्यांचे बाह्यरुग्ण विभाग कामाच्या दिवशीच चालतात. त्यातून सुट्टीचा तो एकच दिवस माझ्या मुलांचाही असतो. दुसऱ्याच्या घरी उसंत पोचवताना आपल्या घरातली उसंत हिरावून घ्यायची, असा हिशेब मला मान्य नाही. मुलांनाही तो मान्य असू नये, असे मला वाटते.

म्हणून माझी विनंती अशी, की प्रत्येक नोकरदाराला महिन्याला किमान चार तास सेवेसाठी स्वतंत्र आणि पगारी मिळावेत आणि ते त्याच्या किरकोळ किंवा आजारपणाच्या रजेतून कापले जाऊ नयेत. ही मोजणी तासांत असावी, असा माझा आग्रह आहे. वर्षातून दोन पूर्ण दिवस दिले तर कागदावर ते भरघोस दिसतील, पण दर बुधवारच्या कामाला त्यांचा काही उपयोग नाही. वेळ आधी कळवलेली असेल तर ती ऐनवेळी रद्द करायची झाल्यास मालकाने लेखी कारण द्यावे, आणि ती घेतली म्हणून वार्षिक मूल्यमापनात कोणाचे गुण कमी होऊ नयेत. कोणती सेवा करायची हे कर्मचाऱ्याने ठरवावे. कंपनीने एक दिवस सर्वांना एकत्र नेऊन उपक्रम करावा, त्याला माझा विरोध नाही, मात्र तो या तासांत धरला जाऊ नये. लहान आस्थापनांवर याचा बोजा पडेल ही शंका रास्त आहे. माझ्या कामामुळे अशा आस्थापनांचे हिशेब मी रोज पाहते आणि पाच माणसांच्या कचेरीत एकाचे दोन तास किती जड जातात हे मला ठाऊक आहे. अशा ठिकाणी खर्चाची भरपाई सरकारने करावी. जर्मनीचा मार्ग आपल्यासमोर आहेच.

यात एक धोकाही आहे आणि तो आपल्यापुढे ठेवणे मी माझे कर्तव्य समजते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगात दररोज विनामोबदला देखभालीचे १६.४ अब्ज तास काम होते आणि त्यातले ७६.२ टक्के तास स्त्रियांचे असतात. हे तसेच ठेवून सेवेसाठी वेळ दिला, तर पुरुष सहकारी तो सेवेला वापरतील आणि बायकांना मिळालेले चार तास मात्र त्यांच्या वाट्याला आलेल्या घरकामातच मुरून जातील. माझ्याच कार्यालयातील एक सहकारी स्त्री उत्तम समुपदेशक होऊ शकली असती. प्रशिक्षण अर्धे झाल्यावर तिने ते सोडले, कारण संध्याकाळी सहानंतर घरचे कोणीही तान्ह्या मुलीला सांभाळायला तयार नव्हते. त्यामुळे सेवेच्या तासांबरोबर वडिलांनाही पुरेशी, पगारी आणि दुसऱ्याच्या नावे न करता येणारी बालसंगोपन रजा द्यावी, हे मी याच पत्रात मागते आहे. दोन्ही तरतुदी एकाच मसुद्यात आल्या तरच पहिलीचा लाभ स्त्रियांपर्यंत पोचेल.

मसुदा तयार करताना मालक आणि कामगार संघटना यांच्याबरोबरच प्रत्यक्ष सेवा करणाऱ्यांना आणि ज्यांच्या घरी ती पोचते त्यांनाही बोलवावे. ती सुनावणी कृपया कार्यालयीन वेळेत ठेवू नये. ठेवली तर ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप आहे तेच येऊ शकणार नाहीत. बुधवार सोडून कोणत्याही संध्याकाळी मी येईन, आणि त्या बाईंना यायचे असेल तर त्यांच्या घरी बसायला दुसऱ्या कोणाला तरी तयार करीन.

आपली नम्र,
एक लेखापाल